बंद पडलेल्या कारखान्याचा वाटा कुणी भरायचा?

मेसोथेलिओमा हा फुफ्फुसाभोवतीच्या पातळ आवरणाचा कर्करोग. तो बहुतेक वेळा ॲस्बेस्टॉसचे तंतू श्वासावाटे आत गेल्याने होतो आणि धूळ छातीत गेल्यापासून रोग उघडकीस येईपर्यंत तीस-चाळीस वर्षं सहज उलटतात. ब्रिटनमध्ये या रोगाने वर्षाला दोन हजारांहून अधिक माणसं जातात. त्यांत गोदीत, बॉयलरवर, बांधकामावर राबलेले कामगार पुष्कळ. अशा माणसाने उमेदीच्या काळात चार-पाच मालकांकडे नोकरी केलेली असते. निदान होतं तेव्हा त्यांतला एखादाच मालक टिकून असतो. बाकीच्या कंपन्या बुडालेल्या, त्यांचा विमा कुणाकडे होता याचा कागद सापडत नाही. दम लागलेल्या म्हाताऱ्याने जुन्या मुकादमाचं नाव आठवायचं, सोबतचा कुणी जिवंत आहे का ते शोधायचं. एवढं करूनही, रोग नेमका कोणत्या मालकाकडच्या धुळीने जडला हे कोणताच डॉक्टर सांगू शकत नाही. पुराव्यातली ही पोकळी कुणाच्या माथी मारायची, यावर भरपाईचा सगळा कायदा उभा आहे. ती कामगाराच्या माथी मारू नये, असं माझं ठाम मत आहे.

ब्रिटनमध्ये हा प्रश्न २००२ साली फेअरचाइल्ड खटल्यात सुटल्यासारखा वाटला. ज्या मालकाने निष्काळजीपणे कामगाराला या धुळीत ठेवलं आणि रोगाचा धोका वाढवला, तो जबाबदार. नेमका तंतू त्याचाच होता हे सिद्ध करण्याची गरज नाही, असं तेव्हाचं सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरवलं. पण ३ मे २००६ रोजी बार्कर खटल्यात त्याच न्यायालयाने जबाबदारीचे तुकडे केले. प्रत्येक मालकाने आपण वाढवलेल्या धोक्यापुरतंच द्यावं, असा तो निकाल. बुडालेल्या कंपनीचा वाटा मग आपोआप कामगाराच्या घरावर आला. कामगार संघटना आणि खासदार खवळून उठले. नुकसानभरपाईचं एक विधेयक तेव्हा संसदेत होतंच, त्यात सरकारने नवं कलम घातलं आणि २५ जुलैला कायदा झाला. त्याच्या तिसऱ्या कलमानुसार मेसोथेलिओमाच्या रुग्णाला कोणत्याही एका जबाबदार मालकाकडून पूर्ण भरपाई मिळते. ज्यांचा मालक आणि विमा कंपनी दोन्ही सापडत नाहीत, अशा रुग्णांसाठी २०१४ साली वेगळा कायदा आला. त्यातला निधी विमा कंपन्यांवर आकार बसवून उभा राहतो.

यावर पहिला आक्षेप असा की, एकाने दुसऱ्याच्या चुकीचे पैसे का भरावेत? आक्षेप पोकळ नाही. पण इथे निर्दोष माणसाला कुणी ओढलेलं नाही. मालकाची चूक सिद्ध झालेली असते. शिवाय त्याला इतर मालकांकडून, त्यांच्या विमा कंपन्यांकडून वाटा वसूल करण्याची मुभा आहे. त्याच्याकडे वकील आहेत, वेळ आहे. रुग्णाच्या हाती मात्र अनेकदा वर्ष-दीड वर्षच उरलेलं असतं. दुसरा आक्षेप कायदा मागच्या तारखेपासून लागू केल्याचा. एरवी मीही अशा कायद्यांकडे संशयाने पाहतो. पण बार्करचा निकालही जुन्याच घटनांना लागू होणार होता. फेअरचाइल्डनंतर लोक जे गृहीत धरून चालले होते, तेच संसदेने परत दिलं.

माझी तक्रार उलट आहे: संसद अर्ध्यावर थांबली. तिसरं कलम फक्त मेसोथेलिओमापुरतं. ॲस्बेस्टॉसिस, म्हणजे याच धुळीने फुफ्फुसांत वण धरण्याचा रोग, धुळीच्या प्रमाणात बळावतो, तिथे वाटणीला काही आधार तरी आहे. फुफ्फुसाच्या कर्करोगाचं काय? २०१६ साली हेनेगन खटल्यात अपील न्यायालयापुढे सहा मालक होते आणि मृत कामगाराच्या छातीत गेलेल्या धुळीपैकी ३५.२ टक्के त्यांच्याकडची होती. पूर्ण भरपाई १,७५,००० पौंड ठरत होती. मंजूर झाले ६१,६०० पौंड. रोग जीवघेणा, मालकांची चूक तीच, तरी मेसोथेलिओमा नव्हता म्हणून जवळजवळ दोन-तृतीयांश रक्कम गेली. या कर्करोगाला धूम्रपानही कारण असतं हे खरं. पण त्यासाठी भरपाईतून ठरावीक वजावट करता येते. २००५ मध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने अशाच एका दाव्यात २० टक्के वजा केले होते. बाकीचे पैसे कापायला ते कारण पुरत नाही.

आपल्याकडे तर वाटणी कायद्यातच लिहिलेली होती. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टातल्या ‘क’ भागात ॲस्बेस्टॉसिस येत होता, आणि मालक एकाहून अधिक असतील तर आयुक्ताला न्याय्य वाटेल त्या प्रमाणात प्रत्येकाने द्यावं, असं कलम ३(२अ) सांगत होतं. कारखानाच मोडीत निघाला असेल तर त्याचा वाटा कुणी द्यायचा, याचं उत्तर त्या कलमात नव्हतं. २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस उद्योगाला कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, यांत जे नंतर येईल तोवर ठेवायला सांगितलं. आदेश मोलाचा, कारण नोंद नसेल तर दावाच उभा राहत नाही. पण कंत्राटदारामार्फत आलेल्या माणसाचं नाव मुळात हजेरीपटावरच नसेल, तर जपायला नोंद उरतेच कुठे? सिमेंटच्या पत्र्यांसाठी पांढरा ॲस्बेस्टॉस आपण आजही आयात करतो. तो हाताळणारे आजचे कामगार तीस वर्षांनी दावा करायला येतील, आणि त्यांच्या मालकांपैकी काही तोवर नाहीसे झालेले असतील. त्यांचा वाटा उरलेल्या मालकांनी आणि विमा कंपन्यांनी उचलावा, असं कलम आत्ताच लिहून ठेवायला हवं.