लाकडी खोक्यावरील ओंबीचा शिक्का
न्हावा शेवा बंदरातून परदेशी जाणाऱ्या लाकडी खोक्यांवर गव्हाच्या ओंबीचे चिन्ह असलेला जो चौकटीतला शिक्का दिसतो, तो आतील मालाविषयी काहीच सांगत नसून खोक्याच्या लाकडावर कीडनाशक प्रक्रिया झाल्याची ग्वाही देतो. २००२ साली स्वीकारलेल्या ‘आयएसपीएम १५’ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार ओंबीशेजारी देशाचा संकेत (भारतासाठी ‘आयएन’), उत्पादकाचा क्रमांक आणि प्रक्रियेची खूण असते. त्यांपैकी ‘एचटी’ म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत किमान ५६ अंश सेल्सियसला सलग ३० मिनिटे तापवणे. प्लायवुड तयार होतानाच उष्णता व दाब सोसत असल्याने त्याला ही अट लागू नाही. हाताने रेखाटलेला शिक्का चालत नाही, आणि तांबडा-नारिंगी रंग धोकादायक मालाच्या खुणांचा असल्याने टाळावा लागतो. शिक्क्याविना आलेले खोके आयातदार देश परत पाठवू शकतो, मग आतील माल कितीही निर्दोष असो.