खोटा काटा

वाण्याच्या तराजूचा काटा खोटा निघाला, तर नुकसान चार पैशांचे होते. मोटारीच्या तापमापकाचा काटा खोटा निघाला, तर मात्र माणूस एक तर उगाच घाबरतो, नाही तर घाबरणेच सोडून देतो. यांपैकी दुसरी गोष्ट अधिक घातक, हा धडा आम्हांला आमच्या घरच्या जुन्या मोटारीने दिला.

वडिलांनी जिवापाड जपलेली ही इंग्रजी धाटणीची गाडी. गेल्या उन्हाळ्यात तिच्या डॅशबोर्डाला नवा रंग दिला आणि तेव्हापासून बेळगावच्या सपाट रस्त्यावरही पंधरा मिनिटांत काटा तांबड्या खुणेला भिडू लागला. एका कारागिराने थर्मोस्टॅट काढून टाकावा म्हटले, दुसऱ्याने रेडिएटर बदलावा म्हटले. पाण्याचे तापमान टिपणारा सेंडर आम्ही नवा आणून बसविला, तरी काटा जागचा हलेना. अखेर आम्ही त्याच्याकडे पाहणेच सोडले.

कोडे सुटले ते हिशेबाच्या वहीमुळे. पेट्रोलचा खर्च आमच्या सौभाग्यवती मांडतात. एके दिवशी त्या म्हणाल्या, "अहो, पेट्रोल तर नेहमीइतकेच भरतो आपण. मग महिनाभर टाकी भरलेलीच कशी दिसते?" आम्ही चपापलो. दोन काटे एकाच वेळी, एकाच दिशेने खोटे बोलू लागले, तर खोट त्यांच्या सामाईक मुळाशीच असणार!

१९६० च्या दशकातील बऱ्याच इंग्रजी गाड्यांत या दोन्ही काट्यांना वीज पुरविते ती व्होल्टेज स्टॅबिलायझर नावाची एक लहानशी डबी. बॅटरीचा दाब बारापासून चौदा व्होल्टपर्यंत खालीवर होतो. ही डबी तो सरासरी दहावर आणते. तिच्यात दोन धातूंची जोडपट्टी असते. भोवतीच्या तारेने तापली की पट्टी वाकते व वीज तोडते, निवली की पुन्हा जोडते. मात्र त्या तारेतून वीज वाहायची, तर डबीचे कवच गाडीच्या उघड्या धातूला टेकलेले हवे. ते नसेल, तर पट्टी तापत नाही, वीज तुटत नाही आणि बॅटरीचा सगळा दाब दोन्ही काट्यांवर येतो. आमची डबी नव्या रंगावर बसविली होती आणि रंगातून वीज वाहत नाही. बॅटरीची तार सोडवून आम्ही तेवढी जागा पॉलिशपेपरने घासली, स्क्रू घट्ट केला. दोन्ही काटे निमूटपणे खाली आले.

पण खाली आलेला काटा खरा असेलच असे नाही. गार इंजिनातून सेंडर काढून आम्ही त्याची परीक्षा घ्यायचे ठरविले. पेट्रोलजवळ शेगडी नको, म्हणून पाणी स्वयंपाकघरात उकळले. थर्मामीटरने त्यात साडेसत्याण्णव अंश दाखविले, तेव्हा हाही खोटा की काय असे वाटले! मग ध्यानात आले, की बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे. येथे पाणी शंभर अंशांपूर्वीच उकळते.

ते पाणी गाडीपाशी नेले. किल्ली फिरविण्यापूर्वी इग्निशन कॉइलची तार सोडवून ठेवली, नाही तर इंजिन बंद असता कॉइल तापते. सेंडरच्या अंगाला तार जोडून ती गाडीच्या धातूला बांधली व त्याचे टोक पाण्यात धरले. पाणी जितके तापते, तितका सेंडरचा विरोध घटतो आणि काटा चढतो. हा काटा सावकाश हलणारा, म्हणून दर वेळी थोडे थांबून नव्वद आणि ऐंशी अंशांच्या खुणा काचेवर कागदाच्या चिकटपट्टीने केल्या. नवा सेंडर भलत्याच जातीचा निघाला. नव्वद अंशांतच तो काट्याला तांबड्याकडे नेई. जुनाच पुन्हा बसविला. त्याच्या आट्यांवर टेफ्लॉनची पट्टी गुंडाळली नाही, कारण त्याची वीज आट्यांतूनच इंजिनात जाते.

पुढे महिन्याभराने गोव्याहून परतताना चोर्ला घाट चढत होतो. नेहमी ऐंशीच्या आसपास असणारा काटा नव्वदची खूण ओलांडून गेला. मुले मागे भेंड्या खेळत होती. पूर्वीसारखे "तो काटा तसाच आहे" म्हणून आम्ही पुढे गेलो असतो, तर बहुधा इंजिनाचे हेड वाकले असते. आम्ही गाडी कडेला घेतली. पंख्याचा पट्टा सैल पडला होता. पंखा आणि पाण्याचा पंप दोन्ही त्याच्यावरच फिरतात. रेडिएटरच्या झाकणाला हात न लावता इंजिन पुरते निवू दिले, मग पान्याने पट्टा ताणला.

दिवेलागणीला घरी पोहोचलो. सौभाग्यवतींनी वही काढून त्या दिवसाचे पेट्रोल मांडले, आणि काट्याशी ताडून पाहिले.