जुन्या मोटारींत नवा आवाज

जीर्णोद्धार म्हणजे मूळ मोडणें नव्हे, हें आम्ही उतारवयांत एका मोटारीकडून शिकलों. गिरगांवांतील आमच्या घरीं कैलासवासी वडील बंधूंची प्रीमियर पद्मिनी आहे. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्यें निवृत्त झाली. तेव्हांपासून घरची गाडी अधिकच जपावीशी वाटते. पुतण्याला तींत नवे स्पीकर हवे होते. पण त्यासाठीं दारांचा पत्रा कापावा लागेल, हें ऐकतांच वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलें. मग लॅमिंग्टन रोडवरून स्पीकर आणून ते लाकडी पेट्यांत घातले आणि मागील काचेखालच्या फळीवर, मूळच्याच स्क्रूंच्या आधारें, पक्के बसविले. एकही नवें भोंक पाडावें लागलें नाहीं.

तरी डग्ग्याचा घुमारा ऐकूं येईना. शोध घेतां कळलें कीं, एका स्पीकरच्या धन व ऋण तारा उलट जोडल्या होत्या. एकाचा पडदा पुढें येई, तेव्हां दुसऱ्याचा मागें जाई. त्यामुळें खर्जाचे स्वर परस्परांना गिळून टाकीत. तारा बदलतांच घुमारा परतला. वहिनी, बंधूंच्या पश्चात् प्रथमच, गाडींत येऊन बसल्या.

उद्यां पेट्या काढल्या, तरी गाडी बंधूंनीं ठेविली तशीच राहील. वाचकहो, घरांतील सुधारणा करावी ती अशी!