महानगराच्या शेजारचे भूजल : जमा आणि खर्च

पुणे महानगराची वस्ती आता हवेली, मुळशी, मावळ व खेड तालुक्यांतील शिवारांपर्यंत येऊन पोहोचली आहे. पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत २०१७ साली ११ व २०२१ साली २३ गावे घेण्यात आली. जेथे नळाचे पाणी पुरेसे मिळत नाही, तेथील इमारती विंधन विहिरी व टँकर यांवर अवलंबून राहतात. त्यामुळे शेतकऱ्याची विहीर, गावाची पिण्याच्या पाण्याची विहीर आणि नवी वस्ती असे एकाच भूजलाचे तीन वाटेकरी झाले आहेत. हे पाणी किती आहे, याचा हिशेब या तिघांनीही समजून घेणे अगत्याचे आहे.

खडकातील साठा

दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी राहते ते मुरमात, सच्छिद्र थरांत व भेगांत; अखंड पाषाण जवळजवळ कोरडाच असतो. पाणी धरणाऱ्या थरातूनही उपसता येणारे पाणी घनफळाच्या शेकडा २ च्या आसपासच भरते. म्हणजे १ हेक्टर जमिनीखालील पाण्याची पातळी १ मीटर उतरली, तर हाती २ लक्ष लिटर पाणी येते. दहा हजार लिटरांचे हे अवघे २० टँकर होत. विंधन विहीर अधिक खोल नेल्याने नवे पाणी निर्माण होत नाही. पुष्कळदा वरच्या थरातील पाणीच भेगांवाटे खाली ओढले जाते आणि शेजारची विहीर आटते.

पावसाची जमा

वार्षिक पाऊस ७०० मिलिमीटर असून त्याचा शेकडा १० भाग मुरला असे धरल्यास हेक्टरी ७०० घनमीटर पाणी भूजलात जमा होते. सुरू उसास पाटाने पाणी द्यावयाचे तर विहिरीतून हेक्टरी १५,००० घनमीटर तरी उपसावे लागते. म्हणजे एका हेक्टर उसासाठी सुमारे २१ हेक्टरांवरील जमा खर्ची पडते. त्यातील काही पाणी पुन्हा झिरपते हे खरे, तथापि तफावत मोठीच राहते. उलट रब्बी ज्वारीस ७५ मिलिमीटरच्या दोन संरक्षित पाळ्या दिल्या, तर १,५०० घनमीटरांत काम भागते. ठिबक सिंचनाने पाण्याची बचत होते. परंतु वाचलेल्या पाण्यावर उसाचे क्षेत्र वाढविल्यास भूजलाच्या खात्यावर ती बचत उरत नाही.

ग्रामसेवकांनी काय करावे

गावातील ठराविक विहिरींची पाणीपातळी पावसाळा संपताच व मे महिन्याच्या अखेरीस टेपाने मोजून नोंदवावी. दसरा-दिवाळीच्या सुमारास ग्रामसभेपुढे जमाखर्च मांडावा. प्रथम माणसांचे व जनावरांचे पाणी राखून ठेवावे, नंतर रब्बीचे क्षेत्र ठरवावे, आणि टँकरसाठी पाणी विकण्याचा विचार सर्वांत शेवटी करावा. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार गावाने असाच ताळेबंद मांडून पिके ठरविण्याची प्रथा पाडली असून तेथे सिंचनासाठी विंधन विहिरी घेतल्या जात नाहीत. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल अधिनियमानेही शेती व उद्योगासाठी ६० मीटरांहून खोल नवी विहीर घेण्यास मनाई केली आहे.

जमा वाढविण्याचे उपाय

माथ्यावर समपातळी चर, शेतात बांधबंदिस्ती व ओढ्यावर लहान बंधारे, या क्रमाने माथ्यापासून पायथ्यापर्यंत कामे घ्यावीत. वस्तीच्या वाढीत जुने ओढे व तलाव बुजविले जाणार नाहीत, याकडे ग्रामपंचायतीने लक्ष द्यावे. नव्या इमारतींनीही आपला वाटा उचलला पाहिजे. १०० चौरस मीटर छतावर ७०० मिलिमीटर पावसाचे ७०,००० लिटर पाणी पडते. त्याचा बराच भाग साठविता किंवा मुरविता येतो. मात्र ते वाळू व खडीच्या गाळणीतूनच विहिरीत सोडावे. सांडपाणी किंवा रस्त्यावरील पाणी विहिरीत कदापि सोडू नये. कारण भेगांवाटे शिरलेली घाण सबंध गावाचे पिण्याचे पाणी नासवू शकते.

यंदाच्या पावसाळ्यानंतर प्रत्येक गावाने निदान पाच विहिरींची मोजणी करून या कामास आरंभ करावा. आपल्या पाण्याची जमा गावास ठाऊक असेल, तरच त्याच्या खर्चास मर्यादा घालता येईल.