‘आर्ट्स’ची पाटी आणि चित्रकलेचा फॉर्म

गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीत बारावी झालेल्या मुलाला ‘पुढं काय?’ असं विचारलं आणि तो ‘आर्ट्स’ म्हणाला, तर त्याच्या हातात ब्रश येणार आहे असं समजू नये. गावात भगवंतराव कला व विज्ञान महाविद्यालय आहे. त्याच्या पाटीवरची ‘कला’ म्हणजे मराठी, इतिहास, राज्यशास्त्र. हा अर्थ एटापल्लीचाच आहे असंही नाही, सगळ्या महाराष्ट्रात ‘आर्ट्स’ म्हणजे हेच. चित्रं काढणाऱ्या पोराबद्दल आपण ‘त्याचं ड्रॉइंग चांगलं आहे’ असं म्हणतो, आणि ‘ड्रॉइंग’ हा शब्द शाळेच्या वेळापत्रकातून सहसा बाहेर पडत नाही. पुण्या-मुंबईत हा घोळ निस्तरणारं कुणी तरी भेटतं. शेजारचा दादा मुंबईच्या जेजे कलाशाळेत असतो, मावसबहीण ॲनिमेशन शिकत असते. सूरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक ज्या रस्त्यानं आलापल्लीकडं उतरतात, त्या रस्त्यावरच्या गावात ‘चित्रकलेचं वेगळं कॉलेज असतं आणि त्याचा वेगळा फॉर्म असतो’ हे सांगणारा माणूस शोधावा लागतो.

या लेखासाठी मी एक साधा उद्योग केला. एटापल्ली तालुक्यातल्या एका मनातल्या मुलीला सोबत घेतलं आणि तिच्या वतीनं प्रथम वर्षाच्या प्रवेशाची वाट पायरीपायरीनं चालून पाहिली. तिला मुद्दाम नाव देत नाही. घरी माडिया बोलणारी, शाळेत मराठी शिकलेली, बारावी कला शाखेची, वहीच्या मागच्या पानांवर सतत काही तरी रेखाटणारी, एवढी ओळख पुरे.

पहिली पायरी फसवी सोपी आहे. बीएफए ही चार वर्षांची पदवी. त्यासाठी बारावी कुठल्याही शाखेची चालते. राज्य सीईटी कक्षाची ‘एएसी सीईटी’ द्यायची आणि गुणवत्ता यादीप्रमाणं केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून जागा घ्यायची. परीक्षेत वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र हे हातानं काढायचे तीन पेपर, आणि जोडीला सामान्यज्ञान. वाचल्यावर वाटतं, चित्र येत असेल तर अडचण कसली?

अडचण त्या तीन शब्दांतच आहे. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र ही नावं सीईटीत पहिल्यांदा भेटत नाहीत. शासकीय रेखाकला परीक्षांत, म्हणजे ज्यांना आपण एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट म्हणतो त्यांत, शहरातली मुलं सातवी-आठवीपासून हेच पेपर सोडवत आलेली असतात. बादली, तिच्यावर झाकण, बाजूला फळ; लंबवर्तुळ कसं बसवायचं, सावली कुठल्या बाजूला टाकायची, वर्तुळात आलंकारिक पानं कशी फिरवायची, हे सगळं बोटांत मुरलेलं असतं. मीही त्यातूनच गेलो. रविवारी सकाळी शाळेत बसून बादलीच्या काठाचं लंबवर्तुळ इतक्यांदा पुसलं होतं की कागदाला भोक पडलं. वर इंटरमिजिएटच्या श्रेणीला दहावीत वाढीव गुण मिळतात: अ श्रेणीला ७, ब ला ५, क ला ३. त्यामुळं चित्रकलेचा गंध नसलेल्या मुलालाही आईबाप या परीक्षेला बसवतात. सीईटी तीच शिडी पुढं नेते. खालच्या पायऱ्या ज्यानं पाहिल्याच नाहीत, त्याला ती अधांतरी लोंबताना दिसते.

आता खालच्या पायऱ्या का नाहीत, ते पाहू. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टात कलाशिक्षणासाठी अर्धवेळ निदेशकाची तरतूद आहे, पण सहावी ते आठवीत शंभराहून जास्त मुलं असतील तरच. दिल्लीत बसून हा आकडा वाजवी वाटला असेल. जंगलातल्या टोल्यांवर, जिथं अख्ख्या गावाची वस्ती कधी कधी शे-दीडशे असते, तिथं तीन वर्गांत शंभर मुलं आणायची कुठून? म्हणजे कायदा मोडला असं कुणालाच म्हणता येत नाही. कायदा पाळूनच ड्रॉइंगचा मास्तर येत नाही. आणि मास्तर नसला की एलिमेंटरीचा फॉर्म भरून घेणारं कुणी राहत नाही, पोस्टर कलर आणायला सांगणारं कुणी राहत नाही. माझ्या मते सगळ्या प्रकरणातली खरी गळती इथं, बाराव्या-तेराव्या वर्षी होते. प्रवेशाच्या वेळी जी दिसते, ती नुसती तिची नोंद.

समजा, आपली मुलगी तरीही सीईटीला बसली. परीक्षा साधारण एप्रिल-मेच्या सुमारास होते. मोहफुलं वेचून संपत आलेली असतात आणि तेंदूपत्त्याचा हंगाम तोंडावर येतो. घरात वर्षाचा रोख पैसा येण्याचे जे थोडे दिवस असतात, ते हेच. पुडके बांधणारे दोन हात कमी करून नागपूरला जायचं. एटापल्लीहून आलापल्ली तीसेक किलोमीटर, तिथून गडचिरोली शंभराच्या वर, पुढं नागपूर आणखी पावणेदोनशे. गावाबाहेर एसटी लागते का, हाही प्रश्न असतो. याच तालुक्यातल्या गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी मार्गावर बस सुरू झाली ती १ जानेवारी २०२५ ला, आणि त्या दिवशी मुख्यमंत्री स्वतः तिच्यात बसले. बातमी सगळ्यांनी आनंदानं वाचली. मला तिच्यातला आकडा टोचला: स्वातंत्र्याला सत्त्याहत्तर वर्षं होऊन गेली होती.

स्मरणचित्राच्या पेपरला बाजार, बसस्थानक, रेल्वेचा फलाट अशा छापाचे प्रसंग पिढ्यान्पिढ्या चालत आलेत. अख्ख्या गडचिरोली जिल्ह्याला रेल्वेस्थानक एकच, वडसा, तेही उत्तर टोकाला. न पाहिलेल्या गोष्टीचं स्मरण कुठून आणायचं?

आता कागद. इथं सावकाश जायला हवं, कारण प्रवेशाची कथा सगळ्यांत चमत्कारिक होते ती याच जागी.

राखीव जागेसाठी जमातीचा दाखला लागतो आणि त्यावर वैधता प्रमाणपत्र लागतं. ते देणारी समिती गडचिरोलीत आहे. अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० ही मानीव तारीख, म्हणून त्याआधीचा आजा-पणजाचा पुरावा मोलाचा ठरतो: शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर, कोतवाल बुक, महसुली नोंद. ज्या टोल्यावर १९५० साली शाळाच नव्हती, त्यानं रजिस्टर कुठलं दाखवायचं? ही सगळी यंत्रणा उभी राहिली तीही एका प्रवेशाच्याच प्रकरणातून. वैद्यकीयच्या प्रथम वर्षाला महादेव कोळी म्हणून घेतलेली जागा वादात सापडली आणि १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ‘कुमारी माधुरी पाटील’ प्रकरणात तपासणी समित्या आणि दक्षता पथकांची पद्धत घालून दिली. पुढं राज्यानं त्यावर कायदाही केला. खोट्या दाखल्यांनी खऱ्या आदिवासींच्या जागा लुटल्या जात होत्या, त्यामुळं या चाळणीची गरज होती यात मला शंका नाही.

त्या निकालानं दक्षता पथकाला काय काय तपासायला सांगितलं, ते मात्र वाचण्यासारखं आहे. कुळाचे देव, विधी, चालीरीती, लग्नाची पद्धत, मरणानंतरचे संस्कार, प्रेत पुरण्याची रीत. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या आप्तसंबंध चाचणीला निर्णायक कसोटी मानू नका असं बजावलं, पण प्रश्नावली शिल्लक आहेच. म्हणजे बघा, चित्रकलेच्या कॉलेजात शिरू पाहणाऱ्या मुलीला तिचा देव कोणता, मयताच्या नावानं काय उभारता, हे विचारू शकणारं एक कार्यालय या राज्यात आहे. ते कला संचालनालय नव्हे. तिच्या माणसांनी मृतांसाठी उभे केलेले दगड, कोरलेले लाकडी खांब, हे सरकारी फाइलीत जमातीचा पुरावा होऊ शकतात. परीक्षेच्या कागदावर त्यांना गुण नाहीत. तिथं बादली काढायची.

हे विनोदानं लिहिलं, पण त्यामागचा इतिहास गंभीर आहे. मुंबईत कलाशाळा हवी म्हणून सर जमशेटजी जीजीभाईंनी १८५३ मध्ये एक लाख रुपये देऊ केले, ते चित्रकार घडवण्यासाठी नव्हतेच. इथल्या कारागिरांचे हात सुधारावेत, त्यांच्या धंद्याला वळण लागावं, हा हेतू होता. १८५७ मध्ये ही शाळा, म्हणजे आजचं जेजे, सुरू झाली. १८९१ मध्ये तिथं रे आर्ट वर्कशॉप्स उघडली, तीही हस्तव्यवसायांसाठीच. म्हणजे शाळेचा दरवाजा मुळात आपल्या या मुलीसारख्यांसाठी, हातानं वस्तू घडवणाऱ्या घरांसाठी होता. पुढं चित्र वर चढलं आणि कारागिरी खाली उतरली. जेजेला २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. विदर्भात शासकीय म्हणावं असं एकच, नागपूरचं शासकीय चित्रकला महाविद्यालय.

शाखांची यादी उघडली की रंगकला, उपयोजित कला, शिल्पकला, अंतर्गत सजावट, वस्त्रकला, मातकाम, धातुकाम अशी नावं दिसतात. बांबू नाही, लाकूड नाही. आलापल्लीचं सागवान देशात नावाजलेलं. मार्च २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी बल्लारपूरच्या आगारातून सागवान वाजतगाजत रवाना झालं. दरवाजे घडवले हैदराबादच्या कारखान्यानं, कोरले तमिळ कारागिरांनी. त्यांच्या कौशल्याबद्दल आदरच आहे, पण मिरवणुकीतले फोटो पाहताना मनात आलं, की लाकूड आपलं आणि छिन्नी दुसऱ्याची. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र निघालंय, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू. पण ते वन विभागाच्या वाटेनं आलं, कलेच्या नव्हे.

चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी जोडप्यानं १९५८ मध्ये भारत सरकारला अहवाल दिला, आणि त्यातून १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. त्या अहवालात त्यांनी सर्वांत जास्त गौरवलं ते आपल्या लोट्याला: धरायला कसा, ओतायला कसा, डोक्यावर न्यायला कसा, विकत घ्यायला परवडतो का. भोपळा पोखरून केलेला पाण्याचा तुंबा खांद्याला अडकवून जंगलात जाणाऱ्या माणसाला हे सगळे प्रश्न ठाऊक असतात. त्यांना ‘डिझाइन’ म्हणतात, एवढंच ठाऊक नसतं.

पैशाचं थोडक्यात. आदिवासी विकास विभागाची शिष्यवृत्ती आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना आहे, तिच्यात नागपूर-पुणे-मुंबईसारख्या शहरांसाठी वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत ठरवलेत. रक्कम बरी आहे. पण ती हप्त्यानं येते, आणि रंग, कॅनव्हास, खोलीभाडं पहिल्याच महिन्यात लागतं. गावी कुठल्या योजनेला कुठला कागद लागतो हे सांगणारा जाणता माणूस एक असला, तरी निम्मं काम होतं.

आणि समजा, ती पोचली. पहिलं वर्ष पायाभूत, सगळ्यांना सारखंच. वर्गात तिचं आडनाव ऐकून कुणी तरी हौसेनं म्हणेल, ‘तुमचं ते गोंड पेंटिंग काढ ना, ठिपक्यांचं!’ ती बुचकळ्यात पडेल. ते ठिपके आणि रेघा मध्य प्रदेशातल्या पाटणगढच्या परधान गोंडांच्या. जनगढसिंह श्याम या तरुणाला ऐंशीच्या दशकाच्या आरंभी चित्रकार जगदीश स्वामिनाथन यांच्या माणसांनी हेरून भोपाळच्या भारत भवनात आणलं, आणि त्याच्या हातून ती शैली कागदावर आली. त्याला ना सीईटी होती, ना फॉर्म. त्याच्या दारी कॉलेजच चालत आलं होतं. २००१ मध्ये जपानमधल्या एका संग्रहालयात काम करत असताना तो गेला, आणि त्याची शैली मात्र साऱ्या गोंडांची म्हणून बाजारात राहिली. माडियांचं तिच्याशी नातं नाही. आपल्या मुलीला कदाचित शरीरशास्त्र शिकायचं असेल, तैलरंग करायचे असतील, नाही तर पुस्तकांची मुखपृष्ठं. तिनं आदिवासी चित्रंच काढावीत असा आग्रह हीसुद्धा एक चाळणीच.

काम मिळेल का, हा बापाचा प्रश्न. त्याला उत्तर तीनशे किलोमीटरवर शोधायला नको. वडशाला झाडीपट्टी रंगभूमीची मंडळं आहेत. दिवाळी सरली की गावोगावी मंडई भरते आणि रात्रभर नाटकं चालतात. राजवाडा, जंगल, चौसोपी वाडा असे पडदे, नेपथ्य, जाहिरातीचे फलक, रंगभूषा, सगळं कुणी तरी रंगवतंच. याच रंगभूमीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. पडदे रंगवणाऱ्यांची नावं कुठं छापून येत नाहीत.

हा अंक हातात पडेल तेव्हा तिकडं मंडया सुरू झालेल्या असतील, आणि सीईटीच्या अर्जाला थोडेच महिने उरले असतील. स्मरणचित्राला ‘मंडई’ हा विषय आला तर पुण्याचं पोर भाजीचे गाळे काढील, तराजू काढील, पिशवी घेतलेल्या बायका काढील. आपली मुलगी रात्र काढील: पेट्रोमॅक्स जाऊन आलेले हॅलोजन, जमिनीवर अंथरलेली पोती, पेंगुळलेली लेकरं, आणि समोर रंगवलेला पडदा. तपासणाऱ्याला मंडईचे दोन्ही अर्थ ठाऊक असले, म्हणजे झालं.