मोहोळ जाळण्याआधी

कांद्याचे डोंगळे फुलायला लागले, की राहुरी-संगमनेरकडे एक वाक्य ठरलेलं: 'झाडावर मोहोळ बसलंय, औषध मारा नाहीतर टेंभा लावा!' किती वेळा सांगायचं, की काल नसलेला आणि आज अचानक फांदीला लोंबणारा माश्यांचा घोस म्हणजे बहुधा पोळं नसतंच. ते वाटेत मुक्कामाला थांबलेलं बिऱ्हाड असतं. वसाहत दाटली, की जुनी राणी बऱ्याचशा कामकरी माश्यांसह बाहेर पडते. निघताना माश्या पोटभर मध घेतात. मधमाशी डंख मारते ती मुख्यतः घर राखायला, आणि इथं राखायला ना पिल्लं असतात ना साठा. राणी हुकूम सोडते हेही खरं नाही. मार्टिन लिंडाउअर आणि पुढे थॉमस सीली या संशोधकांनी युरोपीय मधमाश्यांच्या थव्यांवर दाखवून दिलं, की शोधक माश्या ढोल्या-कपारी पाहून येतात, नाचून पत्ता सांगतात आणि जागा त्याच ठरवतात. जागा ठरली, की घोस उठतो. सातेरी जातीच्या माश्यांचा सहसा काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत, आग्या जातीच्या माश्यांचा कधी जास्त दिवसांनी.

'मग गडावर माश्या उठून माणसं रुग्णालयात का जातात?' प्रश्न रास्त आहे. त्या असतात आग्या माश्या, आणि तिथं पिल्लांनी-मधाने भरलेलं पोळं असतं. धूर किंवा दगड लागला, की पहिल्या डंखाबरोबर पिकल्या केळ्यासारखा इशाऱ्याचा वास सुटतो आणि बाकीच्या त्या वासावर धावतात. म्हणजे टेंभा हा उपाय नाही, तो हल्ल्याला आमंत्रण आहे. शिवाय आग्याच्या पोळ्यावर माश्यांचा जाड पडदा असतो, आतलं मेण दिसत नाही. म्हणून लांबून पाहून 'हा नुसता थवा आहे' असं छातीठोक सांगू नये. शंका असेल तर अंतर ठेवावं.

गंमत अशी, की मोहोळ जाळणाऱ्या गावातच कांद्याच्या बियाण्यासाठी मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने आणल्या जातात. कांद्याच्या फुलात पराग आधी मोकळे होतात आणि त्याच फुलाचा स्त्रीकेसर नंतर तयार होतो. पराग दुसऱ्या फुलावरून यावा लागतो, आणि तो आणते माशी. फुकट आलेली जाळायची अन् भाड्याची जपायची, हा हिशेब कुठला?

बाकीचे गैरसमज थोडक्यात. शुद्ध मध गोठत नाही, हे चूक. त्यातलं ग्लुकोज बहुधा रवाळ होतं. पाण्यात तळाला बसला म्हणजे अस्सल, हेही नाही. साखरेचा घट्ट पाकही तसाच बसतो. 'माश्या संपल्या की चार वर्षांत माणूस संपेल' हे आइन्स्टाइनचं म्हणून सांगितलं जाणारं वाक्य त्यांच्या लेखनात सापडत नाही.

फुलोऱ्यात फवारणी टाळाच. टळतच नसेल तर माश्या घरी परतल्यावर, सूर्य मावळल्यानंतर करा. घोस दिसला तर त्या झाडाखाली जनावरं बांधू नका, मुलांना जाऊ देऊ नका आणि एखाद्या मधपाळाला बोलवा.