अश्लील म्हणजे काय, आणि बंदी कुणासाठी?

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एकदोघांनी आम्हाला विचारलं, "तुकोबांच्या देहूत बोलायला हाच विषय सापडला का?" प्रश्न रास्त आहे. पण आम्हाला वाटतं, या विषयाला देहूइतकी योग्य जागा शोधून सापडायची नाही.

इथंच इंद्रायणीच्या डोहात गाथेच्या वह्या बुडवायला लावल्या गेल्या. तुकोबा तेरा दिवस काठावर उपाशी बसले आणि वह्या कोरड्या वर आल्या, असं परंपरा सांगते. तो आक्षेप अश्लीलतेचा नव्हता, हे आधीच स्पष्ट करू. शूद्रानं वेदांचा अर्थ प्राकृतात सांगू नये, असा तो आक्षेप होता. पण त्यामागचा विचार ओळखीचा वाटतो ना? हे लोकांपर्यंत गेलं तर समाज बिघडेल, म्हणून ते जाऊच देऊ नका. आता ज्या लोकांच्या नावानं हे चाललं होतं, त्यांना कुणी विचारलं होतं का? नाही. लोकांनी अभंग पाठ करून ठेवले.

त्याच गाथेत दांभिकांवर तुटून पडताना तुकोबांनी चांगले शिवराळ शब्द वापरलेत, हे इथं बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. कीर्तनात ते म्हाताऱ्याही ऐकतात, पोरंही ऐकतात. कुणी बिघडत नाही. शब्द कुणी, कशासाठी वापरलाय, हे ऐकणाऱ्याला कळतं.

पण दुसरी बाजूही ऐकायला हवी. व्याख्यानाआधी एक मावशी आम्हाला भेटल्या. म्हणाल्या, "ते कायद्याचं नंतर सांगा. मुलगा आणि सून दोघंही चाकणला कंपनीत जातात. नातू दिवसभर मोबाइल घेऊन बसतो. त्यात काय काय येतं, ते बंद कोण करणार?" हा प्रश्न आजच्या व्याख्यानाच्या शेवटापर्यंत लक्षात ठेवू या. त्याचं उत्तर देता आलं नाही, तर बाकीचं सगळं पोपटपंचीच.

आधी कायदा कुठून आला ते पाहू. १८६८ साली इंग्लंडमध्ये हिकलिन नावाच्या खटल्यात एक कसोटी ठरली. मजकूर ज्यांच्या हाती पडू शकतो, त्यांच्यातल्या चटकन बिघडू शकणाऱ्या मनांना तो बिघडवेल का? म्हणजे सगळ्यात कच्च्या मनाचा वाचक कल्पायचा आणि त्याच्या मापानं सगळ्यांचं वाचन मोजायचं. हीच कसोटी आपल्याकडे आली.

आता रघुनाथ धोंडो कर्व्यांचं उदाहरण घ्या. महर्षी कर्व्यांचे हे चिरंजीव. संततिनियमनाच्या प्रचारापायी त्यांना विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली. १९२७ साली त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि १९५३ पर्यंत, मरेपर्यंत, चालवलं. वाचक पत्रं लिहून लैंगिक शंका विचारायचे, कर्वे छापून उत्तरं द्यायचे. १९३४ मध्ये या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांच्या बाजूनं उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांचं म्हणणं साधं होतं. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणजे ते अश्लील ठरत नाही. लोकांचे प्रश्न विकृत वाटत असतील, तर त्यांवरचा उपाय ज्ञान हाच आहे. खटला हरले. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला.

इथं एक गंमत बघा. कर्व्यांचे वाचक काल्पनिक नव्हते. नवराबायको होते, तरुण होते, पोस्टाचं तिकीट लावून प्रश्न विचारत होते. कोर्टानं मात्र संरक्षण दिलं ते कधीच कोर्टात न आलेल्या, बिघडण्याच्या बेतात असलेल्या एका कल्पित माणसाला. अडचणीतला माणूस तसाच राहिला.

स्वातंत्र्यानंतर घटनेनं अभिव्यक्तिस्वातंत्र्य दिलं, पण कलम १९(२) मध्ये सभ्यता आणि नीतिमत्तेसाठी वाजवी निर्बंधही ठेवले. १९६४ साली, 'लेडी चॅटर्लीज लव्हर' विकणाऱ्या मुंबईच्या पुस्तकविक्रेत्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हिकलिन कसोटीच उचलून धरली. फरक पडायला लागला तो एका मराठी कथेपासून. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' १९६२ च्या 'रंभा' दिवाळी अंकात आली होती. खालच्या कोर्टात सुटका झाली, उच्च न्यायालयानं पंचवीस रुपये दंड केला. काकोडकर तेवढ्यासाठी दिल्लीपर्यंत गेले आणि १९६९ मध्ये निर्दोष सुटले. सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की समाजाच्या कल्पना बदलत असतात, आणि नुसता कामभावनेचा उल्लेख अश्लील मानला तर धार्मिक ग्रंथ सोडून काही विकताच येणार नाही. त्याच वर्षी दंडविधानाच्या कलम २९२ मध्ये साहित्य, कला, विज्ञान यांसाठी सूट स्पष्टपणे घातली गेली. शेवटी २०१४ मध्ये न्यायालयानं हिकलिन कसोटी बाजूला ठेवली आणि आजच्या समाजातल्या सर्वसाधारण माणसाच्या नजरेनं, संपूर्ण कृती पाहून ठरवा, असं सांगितलं. आज हे कलम भारतीय न्याय संहितेत २९४ व्या क्रमांकावर आहे.

मग प्रश्न सुटला का? नाही. कारण नीतीच्या नावानं घातलेल्या बंदीची किंमत दरवेळी लेखकच मोजतो असं नाही. २००५ साली आपल्या राज्यात डान्सबारवर बंदी आली. स्त्रियांचं शोषण थांबावं आणि तरुण पिढी वाचावी, असं कारण दिलं गेलं. पण त्याच कायद्यात तीन तारे आणि त्यावरच्या हॉटेलांना सूट होती! म्हणजे नाच तोच, पण बघणाऱ्याचा खिसा जड असला की नीती बिघडत नाही. बारबालांची रोजीरोटी मात्र गेली. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही बंदी रद्द केली. भेदभाव होतोय आणि पोटापाण्याचा हक्क हिरावला जातोय, ही त्यामागची मुख्य कारणं. ज्यांना वाचवायचं म्हणून कायदा केला, त्याच बायका त्याविरुद्ध कोर्टात उभ्या होत्या, हे विसरून चालणार नाही.

आता मावशींकडे येऊ. कुणी म्हणेल, तुमच्या हिशेबानं सगळंच मोकळं सोडायचं का? अजिबात नाही. आमचं म्हणणं एवढंच आहे की 'नीती बिघडते' हे कारण फार ढगळ आहे. त्यात कर्वेही अडकतात आणि खरा गुन्हेगार निसटतो. त्याऐवजी विचारावं, यात इजा कुणाला झाली?

लहान मुलांच्या चित्रफितींचं बघा. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की याला 'चाइल्ड पोर्नोग्राफी' म्हणूच नका, हे मुलांच्या लैंगिक शोषणाचं साहित्य आहे. शब्दाचा हा फरक नुसता शब्दाचा नाही. तो व्हिडिओ वाईट आहे तो बघणाऱ्याचं मन मळतं म्हणून नव्हे. तो वाईट आहे कारण तो तयार होताना एका खऱ्या लेकरावर अत्याचार झाला, आणि दर वेळी पुढे पाठवला की तो पुन्हा होतो. एखाद्या मुलीचा खासगी फोटो तिच्या संमतीशिवाय ग्रुपवर फिरवला, तर तिथंही तेच. चित्र किती उघडं आहे हा मुद्दा नाही, तिनं 'हो' म्हटलं होतं का हा आहे. पण आपल्याकडे बऱ्याचदा उलटंच होतं. आपण म्हणतो, "तिनं असा फोटो काढलाच कशाला?" म्हणजे इजा झालेलीलाच आपण अश्लील ठरवतो. मग ती गप्प बसते, आणि फोटो फिरवणारा मोकळा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर बायका-मुलांबाबतच्या अशा गुन्ह्यांची तक्रार नाव न सांगताही करता येते, हे घरी जाऊन जरूर सांगा.

आणि नातवाचं काय? मोबाइलमधलं थोडं सेटिंगनं बंद होतं, ते करावंच. पण सगळं बंद करणारं कुलूप अजून कुणी बनवलेलं नाही. मुलाला काही भलतंच दिसलं, तर ते मार न खाता घरात कुणाला तरी सांगता आलं पाहिजे. त्याचे प्रश्न त्या पडद्यानं सोडवण्याआधी आपण सोडवले पाहिजेत. कर्वे नव्वद वर्षांपूर्वी हेच करत होते, आणि त्यांना आपण दंड केला.

तर मावशी, उत्तर थोडं सरकारकडे आहे, थोडं पोलिसांकडे, आणि बरंचसं तुमच्या-आमच्या स्वयंपाकघरात. पटलं नसेल तर सांगा. आता प्रश्न घेऊ, आणि पहिला मान मावशींचाच.